बेटावर माणसं आणायची तर आधी फेरी वेळेवर सोडा

परवा रविवारी संध्याकाळी ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर, मांडवीतल्या दिवाडी बेटावर गाड्या-माणसं नेणाऱ्या फेरीबोटीसाठी लाइनीत उभा होतो. माझ्या पुढे बारा गाड्या, त्यातल्या नऊ काळ्या नंबरप्लेटच्या रेंट-अ-कार, काचा वर करून एसी लावून बसलेली माणसं, त्यातला एक जण रील काढायला उतरून धक्क्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत येईस्तोवर लाइन पुढे सरकलीच नाही, फेरी अर्धी रिकामीच सुटायची वेळ आली, मग मागच्या सगळ्यांनी हॉर्न धरून ठेवले. मी स्कूटरवर होतो म्हणून कसाबसा कडेने घुसलो. माझ्या बाजूला एक दिवाडीची बाई, हातात मासळीची पिशवी, ती कोणालाच न बघता म्हणाली, "हांगा आमकांच वचपाक जागो ना." म्हणजे इथे आम्हालाच जायला जागा नाही.

आणि नेमकी तेव्हाच लांबून कोकण रेल्वे धडधडत गेली. ही गाडी दिवाडी बेटावरूनच जाते, पण बेटावर थांबत नाही. नव्वदच्या दशकात रूळ टाकले, १९९८ पासून पूर्ण मार्ग चालू झाला, तेव्हापासून रोज एवढी माणसं या बेटावरून जातात आणि त्यातल्या बहुतेकांना आपण आत्ता बेटावर होतो हे कळतसुद्धा नाही. मला गंमतच वाटते याची.

तर वर्षभर मनात घोळत असलेली पोस्ट आज लिहून टाकतो. मागच्या मे महिन्यात मी आयल ऑफ मॅनला जाऊन आलो. माझी धाकटी बहीण आणि मेव्हणा तिथे नोकरीला आहेत, दोन वर्षं "दादा ये, दादा ये" चाललं होतं, शेवटी गेलो. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं बेट, सुमारे ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सहाव्या हिश्शाहूनही लहान, आणि वस्ती ८४ हजारांच्या आसपास. राजा इंग्लंडचाच पण पार्लमेंट स्वतःचं, नोटा स्वतःच्या, एक पौंडाची कागदी नोट अजून चालते. हेशमहून बोटीने पावणेचार तास लागतात, आणि सांगायला लाज वाटते पण गोंयकार असून मला बोट लागली. बहीण धक्क्यावर उभी, मी हिरवा पडलेला, पहिलं वाक्य तिचं, "अरे तू तर मांडवी ओलांडणारा माणूस ना?" मांडवीला लाटा असतात का, तुम्हीच सांगा.

आता या बेटाची गोष्ट अशी की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उन्हाळ्यात उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांतले कामगार सुट्टी पडली की बोटी भरभरून इथे यायचे. डग्लस या मुख्य शहरात समुद्राला लागून दोन मैल नुसती हॉटेलं आणि बोर्डिंग हाऊसं, ती इमारतींची ओळ अजून तशीच दिसते. मग १९६० नंतर विमानं स्वस्त झाली, त्याच पैशात स्पेनचं ऊन मिळायला लागलं, आणि थंड वाऱ्याच्या, पावसाळी बेटावर कोण येणार? आपल्याकडे हल्ली व्हिएतनाम स्वस्त पडतं, थायलंड स्वस्त पडतं म्हणून जी रडारड चालते ना, तीच. तेव्हा त्यांच्याही हातात तेच दोन रस्ते होते, काहीतरी नवीन चकचकीत बांधा नाहीतर आहे ते सांभाळा. त्यांनी थोडं थोडं दोन्ही केलं, पण मला जे भावलं ते दुसरं.

ते म्हणजे गाड्या. आपल्या गोव्याहून लहान बेटावर किती प्रकारच्या जुन्या गाड्या असाव्यात! वाफेच्या इंजिनाची एक, डग्लस ते पोर्ट एरिन, साधारण २५ किलोमीटर, रुळांची रुंदी फक्त तीन फूट, १८७४ पासूनचा मार्ग. इंजिनं मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कंपनीची, लाकडी डबे, प्रत्येक कंपार्टमेंटला स्वतःचं दार, दाराला आतून चामड्याचा पट्टा ओढून काच खाली घ्यायची. मग विजेवर चालणारी एक, डग्लस ते रॅमसे, १८९३ मध्ये सुरू झाली, आणि तिचे पहिले दोन डबे, नंबर एक आणि दोन, अजून त्याच रुळावर चालतात, जगात आपल्या मूळ मार्गावर चालणाऱ्या ट्राममध्ये सगळ्यात जुने. तिसरी डोंगरावर जाणारी, स्नेफेल, १८९५ ची, ६२१ मीटरच्या शिखरावर नेऊन सोडते, मधोमध एक जास्तीचा रूळ आहे तो उतरताना ब्रेक धरायला. आणि चौथी घोड्यांची ट्राम, १८७६ पासून, समुद्राच्या कडेने टापटाप करत.

शिखरावर गेलं की म्हणे सात राज्यं दिसतात, मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, समुद्रदेवाचं आणि स्वर्गाचं. मला एकसुद्धा दिसलं नाही. धुकं एवढं की समोरच्या माणसाचं जॅकेट तेवढं दिसत होतं. तिथले लोक म्हणतात मॅननान नावाचा समुद्रदेव शत्रू आला की बेटावर आपली घोंगडी पांघरतो, म्हणजे मी शत्रू ठरलो. आणि हो, त्यांच्याकडे रस्त्यावर एक परीचा पूल आहे, त्यावरून जाताना पऱ्यांना हॅलो म्हणायचं, नाही म्हटलं तर काहीतरी वाईट होतं. बसमध्ये चांगली सुटाबुटातली माणसं पुटपुटताना पाहिली मी. बहिणीला म्हणलं हे तर आपल्या गावच्या राखणदार देवासारखंच झालं, ती म्हणाली फक्त इथे रोट द्यावा लागत नाही.

असो, मुद्दा गाड्यांचा.

ह्या गाड्या आपोआप टिकल्या नाहीत हे मला तिथे गेल्यावर कळलं. वाफेच्या रेल्वेचे पूर्वी आणखी दोन फाटे होते, पीलला जाणारा आणि रॅमसेला जाणारा. ते १९६८ मध्ये बंद झाले, नंतर रूळ उखडून भंगारात गेले. उरलेल्या पोर्ट एरिन मार्गाचीसुद्धा अशी रखडपट्टी की १९७५ साली गाडी फक्त पोर्ट एरिनहून कॅसलटाऊनपर्यंत धावली, पुढच्या वर्षी जरा पुढे बॅलासालापर्यंत, मग १९७७ ला पुन्हा डग्लसपर्यंत, आणि १९७८ मध्ये सरकारने ती सरळ विकतच घेतली. विजेची तर १९५७ मध्येच घेतली होती. घोड्यांच्या ट्रामचं तर अगदी अलीकडचं, २०१६ मध्ये डग्लसच्या नगरपालिकेने तोटा होतो म्हणून बंद करायचं जाहीर केलं, लोकांनी गलका केला, मग सरकारने चालवायला घेतली. नंतर किनाऱ्याचा रस्ता खणला तेव्हा ती काही वर्षं बंदच होती आणि २०२२ ला परत आली तीही आधीपेक्षा कमी अंतर. म्हणजे तिथेही सगळं गोडगोड नाही. माझा मेव्हणाच म्हणतो की माझ्या टॅक्सच्या पैशांनी घोडे पोसतात. पण पाहुणे आले की पहिलं त्याच ट्राममध्ये बसवतो, हे पण लिहून ठेवतो, वाचेल तो.

पीलच्या बंद फाट्याचं काय केलं माहितेय? रूळ गेले पण वाट राहिली, त्यावरून आता लोक चालतात, सायकली चालवतात, चढउतार नाही कारण रेल्वेचीच वाट. आम्ही अर्धी चाललो, मग पाऊस आला, बसने परत.

मला सगळ्यात आवडलेली मात्र पाचवी आहे, एवढीशी, दोन फुटी रुळांची, ग्राउडल नावाच्या दरीतली. १८९६ मध्ये ती कशासाठी सुरू झाली, तर दरीच्या टोकाला समुद्राचा एक खळगा बांधून त्यात सी लायन आणि पांढरी अस्वलं ठेवली होती, ती बघायला माणसं न्यायला. इंजिनाचं नावच सी लायन, दुसऱ्याचं पोलर बेअर. प्राणी कधीच गेले, गाडी १९६२ मध्ये बंद पडली, आणि मग वीसेक वर्षांनी काही वेड्या माणसांनी झुडपं तोडून रूळ परत टाकले आणि तेव्हापासून स्वयंसेवकच ती चालवतात. शेवटच्या स्टेशनावर बघायला काही नाही, म्हणजे समुद्र आहे, वारा आहे, चहा आहे. गाडी पोचते, इंजिन पुढचं मागे लावतात, गाडी परत येते. आणि आम्ही त्यासाठी तिकीट काढून, लाइन लावून गेलो, खूश होऊन आलो. ज्यासाठी बांधली ते उरलं नाही तरी जाण्यासाठी जायचं, हे आपल्या पर्यटन खात्याच्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे कठीण आहे.

आणि दुसरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे पास. एकच कार्ड घ्यायचं, त्यावर बस, वाफेची गाडी, विजेची, डोंगरावरची, घोड्यांची, सगळं चालतं. जास्तीचे पैसे भरले तर किल्ले आणि म्युझियमसुद्धा. पाच दिवसांचं घेतलं आणि त्या पाच दिवसांत मी एकदाही कोणाशी भाड्यावरून भांडलो नाही. गोव्यातून गेलेल्या माणसाला याची किंमत कळते. गोव्यात एका रात्री स्टेशनवरून घरी यायला आठ किलोमीटरला टॅक्सीवाल्याने मागितलेला आकडा इथे लिहित नाही, बायको वाचते ब्लॉग.

पण यात एक बारीक गंमत आहे. या गाड्या हळू आहेत म्हणूनच बेटाला पैसे मिळतात. बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडीने तासा-दीड तासात संपतं. पण वाफेच्या गाडीने पोर्ट एरिनला गेलं की अर्धा दिवस तिथेच जातो, विजेच्या गाडीने लॅक्सीला उतरलं की तिथलं ते अजस्र पाणचक्र बघायचं, बावीस मीटर व्यासाचं, १८५४ मध्ये खाणीतलं पाणी उपसायला बांधलेलं, मग तिथूनच डोंगराची गाडी. संपला दिवस. माणूस रात्री राहतो. जेवतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक गाडी उरलेली असते.

आणि आम्ही काय करतो, सगळं लवकर संपावं म्हणून पूल बांधतो.

आता आपल्याकडची गोष्ट. आपल्याकडेही रेल्वे होतीच की, आणि त्या बेटावरच्या गाड्यांच्याच काळातली. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला, १८८७-८८ पर्यंत मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रूळ पडले. कुळेंला पोर्तुगीजांची झडती, कॅसलरॉकला इंग्रजांची, मधला घाट ३७ ला १ चढाचा, मागून इंजिनं लावून ढकलायची. आमचे आजोबा सांगायचे की दूधसागरला गाडी थांबली की बायका भांडी भरून घ्यायच्या, धबधब्याचं पाणी गोड म्हणून. मी स्वतः लहानपणी सावर्ड्याहून वास्कोला त्या मीटरगेजच्या गाडीने गेलोय, खिडकीत बसायला मारामारी, डोळ्यात कचरा. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. व्हायलाच हवी होती, मालगाड्या, लांबच्या गाड्या, सगळं मान्य. पण एक किलोमीटर, फक्त एक किलोमीटर मीटरगेज, दोन डबे आणि एक इंजिन कुठेतरी चालू ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? आज पावसाळ्यात दूधसागर बघायला लोक जिवावर उदार होऊन रुळावरून चालत जातात, २०२३ मध्ये अशा ट्रेकर्सना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ तुम्ही पण फॉरवर्ड केला असेल. एवढी ओढ आहे लोकांना आणि त्यांना बसवायला आपल्याकडे हळू जाणारी गाडी नाही.

गेलं ते गेलं. दिवाडीवर येतो.

दिवाडीवर रेल्वे थांबत नाही पण फेरी आहे, आणि माझ्या मते तीच आपली वाफेची गाडी. पत्र्याची, घामट, डिझेलच्या वासाची, आणि मधल्या पाच-सात मिनिटांत माणसाचा मूड बदलून टाकणारी. मी दिवचलचा, म्हणजे डिचोलीचा, त्यामुळे माझी फेरी नार्व्याची. नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या पाया पडायचं, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्या देवळाच्या जीर्णोद्धाराचा हुकूम दिला ते देऊळ, आणि मग फेरीने पलीकडे जायचं, जिथे देवाचं मूळ देऊळ होतं. कदंबांचं कुलदैवत, बहामनींनी मोडलं, विजयनगरच्या काळात परत उभं राहिलं, पोर्तुगीजांनी पुन्हा मोडलं, लोकांनी लिंग नदीपार आणलं. म्हणजे ज्या पाण्यावरून देव पळवून आणला तेच पाणी तुम्ही पाच मिनिटांत उलटं ओलांडता. हे कुठल्या बोर्डावर लिहिलेलं आहे का? फेरीत बोर्ड आहे तो गाडीचं इंजिन बंद ठेवा एवढाच.

मी काय करीन सांगतो. करमळी स्टेशन ओल्ड गोव्यापासून दोन-तीन किलोमीटरवर. मुंबईहून आलेला माणूस मडगावपर्यंत जातो आणि परत टॅक्सीने उलटा येतो, त्यापेक्षा करमळीला उतरला, बाजूच्या तळ्यावर पक्षी बघितले, पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून धक्क्यावर आला, फेरीने चालत बेटावर गेला आणि पलीकडे भाड्याची सायकल घेतली तर? दिवाडीला सायकलसारखं दुसरं काही नाही. खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेताच्या, बांधावरून जायचं, मानशीच्या झडपेजवळ थांबून भरतीचं पाणी दार कसं लोटतं ते बघायचं, पिएदादच्या टेकडीवर चर्चपर्यंत दम खात चढायचं, वरून दोन्ही बाजूंची मांडवी. ऑगस्टमध्ये बेटाचा बोंदेरां सण, चवथीच्या आसपास बाजूच्या कुंभारजुव्यात सांगोड, पाण्यावर चित्ररथ. आणि चोडणला गेलं तर सलीम अलींच्या नावाचं खारफुटीतलं पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटर एवढंच, पण होडीतून दोन तास पुरतं. तीन बेटं, तीन फेऱ्या, एक पास. नवीन बांधायचं काय, तर सायकल ठेवायला शेड आणि बरं स्वच्छ टॉयलेट.

आणि पाहुण्यांच्या गाड्या? त्या ओल्ड गोव्यालाच. माथेरानला कसं दस्तुरीला सगळ्यांच्या गाड्या थांबतात, मंत्र्याची असो की संत्र्याची, पुढे चालत, घोड्यावर नाहीतर अमन लॉजहून त्या छोट्या गाडीने. त्या गाडीचेही २०१६ ला डबे घसरले म्हणून बंद पडली, २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेले, तरी ती परत चालू केलीच ना. कारण माथेरान म्हणजे ती गाडी. तसं दिवाडी म्हणजे फेरी असायला काय हरकत आहे?

हे सगळं मी त्याच रविवारी पलीकडे पोचल्यावर माझ्या मालारच्या मित्राला त्याच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून ऐकवलं. कोकमाचं सरबत पिऊन झालं, हातवारे करून झाले. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "तूं आयतारा येता न्हू, देखून तुका फेरी बरी दिसता." तू रविवारचा येतोस ना, म्हणून तुला फेरी बरी दिसते.

झालं. वर्षभराची पोस्ट एका वाक्यात बसवली त्याने.

तो म्हणाला, आईला रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा पलीकडच्या धक्क्यावरचा दिवा बघत मी किती वेळ उभा होतो ते तुला माहीत नाही. तुझ्या त्या बेटावरच्या लोकांच्या दारात मोटारी आहेत, त्यांची आगगाडी चुकली तर त्यांचं काय जातं? आमची फेरी चुकली की पोराची परीक्षा चुकते. यावर मला काहीही बोलता आलं नाही, कारण खरंच आहे ते. मॅनची गाडी जुनी राहू शकते कारण तिच्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही. आपण फेरीला शोभेची वस्तू करायला बघतो आणि इथल्या माणसाला ती रस्ता म्हणून हवी असते. पुलाची मागणी अधूनमधून निघते आणि त्याला विरोध करणारेही बेटावरचेच असतात, त्यांना पुलाबरोबर काय काय येईल ते दिसतं, माझ्या मित्राला स्वतःलाच पूल हवा की नको ते ठरवता येत नाही. बोंदेरांच्या दिवशी नको असतो, आई आजारी पडली की हवा असतो.

मग आम्ही दोघांनी मिळून जे ठरवलं ते एवढंच, की बेटकरांची लाइन वेगळी आणि पहिली, रात्रभर एक फेरी बेटाच्याच बाजूला बांधून ठेवायची, माणसांसकट, फोन केला की सुटली पाहिजे. हे आधी. पाहुण्यांचं त्यानंतर. म्हणजे माझ्या प्लॅनमध्ये जे नव्हतंच ते त्याने पहिलं केलं, आणि त्या मासळीच्या पिशवीवाल्या बाईनेही तेच केलं असतं. करमळी, सायकल, पास हे सगळं त्याला चाललं. सायकली भाड्याने द्यायचा धंदा त्याच्या भाच्याने करावा असंही म्हणाला, आता हे माझ्या आयडियेचं कौतुक की भाच्याची सोय, देव जाणे.

बोलता बोलता माझी फेरी चुकली. पुढची कधी विचारलं तर हसायला लागला, "राव आज हांगाच." राहिलो. वहिनींनी रात्री माशाची कढी केली, झोपायला सोफा. दीडच्या सुमाराला गाडी गेली, आधी नुसती घरघर, मग खिडकीची काच थरथरली, मग पुलावरचा पोकळ आवाज आणि संपलं. मी उठून बसलो होतो. घरातलं दुसरं कोणी कूससुद्धा बदलली नाही.